येळ्ळूरच्या त्या मावशी आणि काकांचे मनापासून आभार
रविवारी पोरांना घेऊन राजहंसगडाला गेलेलो, उतरून येताना येळ्ळूरजवळ गाडी पंक्चर, स्टेपनीत पण हवा नाही, धाकटी रडायलाच लागली. शेतातल्या एका मावशींनी बघितलं आणि सरळ गोठ्यात नेलं. गाय दोनच दिवसांपूर्वी व्यालेली, वासरानं खरखरीत जिभेनं लेकीची बोटं चाटून चोखली तशी ती हसायला लागली. मावशींनी गाईचा ओठ उचलून दाखवलं, वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच! थोरल्यानं शाळेच्या ट्रिपमध्ये एवढ्या गाई बघितल्या पण हे कुणी दाखवलं नव्हतं. तोवर काका बाईकवरून स्टेपनीत हवा भरून घेऊन आले, पैसे घेतलेच नाहीत, वर चिकाची बाटली दिली, घरी आल्यावर खरवस केला. गडबडीत नाव विचारायचं राहिलं. मावशी, काका, लई उपकार झाले तुमचे.