भर दुपारचा इंडेक्स

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय संत्या,

परवा फोनवर तू म्हणालास की डेटाबेसचं टेबल स्लो झालंय, एक मायग्रेशन (डेटाबेसात बदल करायची फाईल) लिहून ॲड इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, ओळ पटकन सापडायची यादी) मारतो की झालं. मी हो हो करून फोन ठेवला कारण आई जेवायला हाक मारत होती, पण नंतर झोप लागेना मर्दा. अगदी हेच मी मागच्या वर्षी केलंय आणि लाजेनं तुला सांगितलं नव्हतं.

आमच्याकडं एका पतसंस्थेचं पिग्मीचं काम आहे, रेल्स या वेब फ्रेमवर्कवर, खाली पोस्टग्रेस डेटाबेस. एजंट गल्लोगल्ली फिरतात, पैसे घेतात, मोबाईलवर पावती मारतात. पावत्यांचं टेबल ७० लाख ओळींचं झालेलं आणि एका एजंटची बेरीज यायची तोवर चहा पिऊन व्हायचा. बघितलं तर एजंटच्या कॉलमवर इंडेक्सच नाही! फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलाच्या ओळीशी जोडणारा दुवा, आहे म्हणजे इंडेक्स असणारच असं मी धरून चाललेलो, पण पोस्टग्रेस तो आपणहून करत नाही बघ. रेल्स ५ पासून टेबल बनवताना रेफरन्सेस लिहिलं की आपोआप येतो, आमचं टेबल त्याच्या आधीचं. माझ्या लॅपटॉपवर दोन हजार ओळी, मायग्रेशन क्षणात झालं, आणि मी शहाणा दुपारी साडेतीनला, ऐन वसुलीच्या वेळी, लाईव्हवर सोडलं.

साधा इंडेक्स बनताना पोस्टग्रेस त्या टेबलवर लिहिणं अडवून धरतं, वाचणं मात्र चालू. त्यामुळं ऑफिसात मॅनेजरला बॅलन्स दिसालाय, सगळं ठीक, आणि तिकडं खडे बाजारात, शहापुरात एजंटच्या मोबाईलवर चाक नुसतं फिरालंय. चार मिनिटं फक्त. पण एका दुकानदारानं पावती येईपर्यंत एजंटला दुकानातनं सोडलंच नाही म्हणे. बरोबर आहे की त्याचं, पैसे दिलेत त्यानं!

तर तू असं कर. ॲड इंडेक्सला अल्गोरिदम कॉनकरंटली दे, म्हणजे लिहिणं न अडवता इंडेक्स बनतो, आणि मायग्रेशनच्या वरच डिसेबल डीडीएल ट्रान्झॅक्शन लिही, कारण रेल्स एरवी अख्खं मायग्रेशन ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) घालतं आणि कॉनकरंटली तिथं चालतच नाही, तोंडावर एरर येतो. त्या मायग्रेशनमध्ये दुसरं काही कोंबू नको, मध्येच फाटलं तर मागं फिरायची सोय नाही. वेळ जास्त लागतो, टेबल दोनदा चाळतं ते, आणि कुणी जुनं ट्रान्झॅक्शन उघडं टाकून जेवायला गेला असेल तर त्याच्यासाठी थांबून राहतं.

आणि खरी मेख पुढं आहे. मध्येच तुटलं तर अर्धवट इंडेक्स तसाच पडून राहतो, इनव्हॅलिड. क्वेरीला उपयोग शून्य, तरी प्रत्येक पावतीला त्याचा भार. तू हुशारी करून इफ नॉट एक्झिस्ट्स (नसेल तरच बनव) लावलंस तर दुसऱ्या वेळी मायग्रेशन "आहे की इंडेक्स" म्हणून गुपचूप पुढं जातं, सगळं हिरवं दिसतं, टेबल मात्र होतं तसंच स्लो. मी दोन दिवस डोकं आपटलं यात. म्हणून पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला हुकूम द्यायची खिडकी) बॅकस्लॅश डी आणि पुढं टेबलाचं नाव मारून बघच, इनव्हॅलिड दिसला तर ड्रॉप कर आणि परत चालव.

तू दोन कॉलमचा इंडेक्स म्हणालेलास ना, तारीख आधी की एजंट आधी? ताईच्या लग्नात पत्रिका वाटायला आपण गल्लीवार यादी केलेली, आठवतंय? गल्ली सांगितली की पाटील लगेच सापडायचा, नुसतं "पाटील" म्हटलं की अख्खी वही चाळा. तसंच आहे हे. तुझ्या क्वेरीत एजंट बरोबर जुळवायचा आणि तारीख पासून-पर्यंत, मग एजंट आधी. आणि चालू-बंदच्या स्टेटस कॉलमवर एकटा इंडेक्स नको, बहुतेक ओळी चालूच असतात, यल्लूरला जाऊन पाटलांचं घर कुठलं विचारल्यासारखं होतं.

मायग्रेशन चालवायच्या आधी मला पाठव, आणि टेबलात ओळी किती आहेत तेवढं मोजून कळव. गणपतीला येशील तेव्हा कुंदा तुझ्याकडनं.

तुझाच,
विन्या