पोरींच्या बाळ्या डबीत ठेवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आभार मानायचे तर आधी त्या डब्यांचे मानावे लागतील. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या, प्रत्येकीवर एकेका पोरीचं नाव. फुटबॉलच्या सरावाआधी बाळ्या, कुड्या, पैंजण, मनगटातला दोरा, सगळं त्यात. सराव संपला की डबी आईच्या हातात.

दागिने घालून खेळता येत नाही आणि वरून टेप चिकटवूनही चालत नाही, हे फुटबॉलचा चौथा नियमच सांगतो. नियम बऱ्याच प्रशिक्षकांना पाठ आहे. पण ‘काढून ये’ म्हणून पोरीला घरी पिटाळणं सोपं असतं. सोनं हरवेल, भोक बुजेल, ही आयांची भीती खोटी नाही, हे फक्त तुम्ही ओळखलंत. जुनं भोक तासाभरात बुजत नाही. कान नुकते टोचले असतील तर सहा आठवडे थांबा, तोवर तिला एकटीनं चेंडू पायाखाली घोळवू द्या, हे तुम्ही एकेका आईला समजावलंत. घरी पिटाळलेल्या पोरी सहसा परत मैदानावर येत नाहीत.

याच शहरातलं एक उन्हाळी शिबिर आठवतं. नाव घेत नाही. मे महिन्यात, नागपुरात, सकाळी साडेनऊला सराव! आठ वर्षांच्या पोरींना पाच नंबरचा चेंडू, म्हणजे मोठ्यांच्या सामन्यातला ४१० ते ४५० ग्रॅमचा, आणि त्याच चेंडूनं हेडिंग. आठ वर्षांच्या आत तीन नंबर, आठ ते बारा चार नंबर, एवढं साधं गणित. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंत हेडिंग बंद आहे. आपल्याकडे मात्र ‘डोकं लाव, डोकं’ म्हणून आरडाओरडा. शिनगार्ड, म्हणजे नडगीला मार लागू नये म्हणून बांधायची पट्टी, तिथं ‘ज्याच्या त्याच्या मर्जीवर’ होते. गोलपोस्ट जमिनीत न रोवलेला, मागे वजन नाही. एखादी पोर आडव्या दांड्याला लोंबकळली असती तर अख्खा सांगाडा तिच्या अंगावर आला असता.

तुम्ही बूट घेण्याआधी मैदान पाहायला लावलंत. आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी, तडे गेलेली. तिथं बुटांच्या तळाचे लांब स्टड रुतत नाहीत आणि घोटा मुरगळतो. पावसात तीच माती पाय धरून ठेवते, वर अंग वळतं आणि गुडघ्यातला हाडं जोडून ठेवणारा लिगामेंट जातो. म्हणून बारीक रबरी खुंट्यांचे बूट, पुढे अंगठ्याएवढी जागा. ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून दोन नंबर मोठे घ्यायचे नाहीत, यावर तुम्ही बापांशी वाद घातलात, तेही बरंच केलंत. शिनगार्ड घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या थोडं खालपर्यंत, आणि त्यावर मोजा.

वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, हे तुम्ही पहिल्याच पालकसभेत न लाजता बोललात. सॅनिटरी पॅडचं पाकीट किटबॅगेत सगळ्यांना दिसेल असं ठेवलंत. उडी मारून उतरताना गुडघे वाकलेले हवेत, आत वळलेले नकोत, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. चेंडू हातात येण्याआधी वीस मिनिटं हेच. पोरी कुरकुरतात. कुरकुरू द्या.

दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. डोक्याला मार बसून पोर गोंधळली, उलटी झाली किंवा डोकं दुखू लागलं, तर त्या दिवशी खेळ संपला, मग अंतिम सामना का असेना. त्या वेळी काही पालक तुमच्यावर चिडले होते. त्यांच्या वतीनंही आभार.

विजय बारसेंनी झोपडपट्टीतल्या पोरांना हाताशी धरून फुटबॉल उभा केला, तो याच नागपुरात. इथं चांगली माणसं कमी नाहीत. फक्त त्यांना चेंडूपासून वाळूच्या गोणीपर्यंत सगळं स्वतःच आणावं लागतं.

तेव्हा गोलपोस्टच्या मागच्या दांड्यावर ठेवायच्या गोण्या यंदा आम्ही भरून आणतो. किती लागतील तेवढं कळवा. आणि डब्या कमी पडत असतील तर त्याही सांगा.

आपले,
पोरींचे आईबाप, नागपूर