'दगडू'वर हसले तसंच त्या डच आडनावावर

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी पुरवणीत डच लोकांच्या आडनावांवर एक चौकट आली होती. नेपोलियनने आडनाव लावायची सक्ती केली म्हणून लोकांनी त्याची खोड काढायला मुद्दाम वेडीवाकडी आडनावं लिहून दिली, आणि उदाहरण काय तर नाक्टखेबोरन, म्हणजे 'उघडा जन्मलेला'. आमच्या घरात पोरं ते मोठ्याने वाचून लई हसली. मला काय हसू आलं नाही.

हुकूम खराय, १८ ऑगस्ट १८११ चा, तेव्हा नेदरलँड्स फ्रान्सच्या ताब्यात होतं. पण त्या देशाच्या पश्चिमेकडच्या हॉलंड भागातल्या बहुतेकांना आडनावं त्याच्या कितीतरी आधीपासून होतीच, फ्रीसलँडसारख्या उत्तरेकडच्या भागात मात्र बरेच जण नुसतं बापाचं नाव लावायचे, त्यांना नवीन घ्यावं लागलं, आणि तरी काही राहिले म्हणून १८२५ ला त्यांच्या राजाला परत हुकूम काढावा लागला. त्यांची आडनावं बघा, आपल्यासारखीच आहेत. बार्शीकर, अक्कलकोटकरमधला 'कर' तसा त्यांचा 'व्हॅन', फक्त आधी लागतो. चित्रकार व्हॅन गॉग म्हणजे गोखकर, गोख हे गाव आज जर्मनीत आहे, डच हद्दीजवळ. स्मिट म्हणजे लोहार, आणि वेव्हर म्हणजे विणकर, आपल्या सोलापुरात विणकरांची वस्ती असलेल्या पूर्व भागातल्या कुणालाही हे आपल्यातलंच वाटेल.

आता त्या नाक्टखेबोरनचं. अभ्यासक सांगतात ते मुळात जर्मन 'नाखगेबोरन'. नाख म्हणजे नंतर. बाप वारल्यावर जन्माला आलेलं पोर. बोलता बोलता नाखचं नाक्ट झालं आणि अर्थ पार बदलला. म्हणजे बिनबापाच्या लेकराची ती खूण होती आणि आपण तिचा विनोद करून छापला.

हे मला एवढं लागलं त्याला कारण आहे. माझ्या वडिलांचं नाव दगडू. शाळेत हजेरीला माझं पूर्ण नाव घेतलं की वर्ग हसायचा, एकदा गुरुजी पण हसले, घरी येऊन मी आजीवर चिडलो की असलं नाव ठेवलंच कशाला. आजी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. म्हणाली, आधीची तीन पाळण्यातच गेली रे, चौथ्याला दगड म्हटलं, म्हटलं दगडाला कोण नेतंय. एवढं बोलून तिचा हात थांबला, मग परत पानात तंबाखू भरून तिने दोरा गुंडाळला. त्या दिवसापासून मी फॉर्मवर वडिलांचं नाव कधी नुसत्या 'द.'वर भागवलं नाही, पूर्ण लिहितो.

तर साहेब, विनंती एवढीच की येत्या रविवारी त्या आडनावाचा खरा अर्थ छापा, कोपऱ्यात खुलासा म्हणून नको, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापा. आमची पोरं वाचायला बसणार आहेत.

आपला एक वाचक,
साखर पेठ, सोलापूर