‘नप्शल्स’ टिकत नाहीत, विवाह टिकतो

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील एका लेखात एका दांपत्याचे ‘नप्शल्स’ पंचवीस वर्षे टिकल्याचे वाचले. लेखकाला वैवाहिक जीवन अभिप्रेत होते, हे संदर्भावरून कळते. परंतु आजच्या इंग्रजीत या नामाचा अर्थ विवाहाचा विधी, लग्नसोहळा, एवढाच आहे. सोहळा पार पडतो आणि आटोपतो. त्यानंतर जे टिकते किंवा मोडते त्याला इंग्रजीत ‘मॅरेज’ हा साधा शब्द आहे.

लेखकाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हा शब्द ज्या लॅटिन ‘नुप्तिए’वरून आला, त्याची व्याख्या रोमन कायदेपंडित मोदेस्तिनुस याने ‘संपूर्ण आयुष्याची भागीदारी’ अशी केली होती आणि सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये लागू केलेल्या ‘डायजेस्ट’ या संकलनात ती घेतली गेली. म्हणजे हीच चूक एखाद्या रोमन माणसाने केली असती, तर ती चूक ठरली नसती! मूळ लॅटिन शब्दही अनेकवचनीच होता आणि इंग्रजीतही लग्न एकाच जोडप्याचे असले तरी नाम बहुधा अनेकवचनातच येते. शेक्सपियरने ते एकवचनात वापरले आहे, पण चारशे वर्षांपूर्वीचा तो दाखला आजच्या लेखनाला उपयोगाचा नाही.

‘नुप्तिए’मागचे ‘नूबेरे’ हे क्रियापद लॅटिनमध्ये रूढार्थाने स्त्रीच्या लग्नासाठीच वापरले जाई. पुरुषाने लग्न केले की ‘त्याने बायको नेली’ अशा अर्थाची वेगळी शब्दयोजना असे. हा भेद इंग्रजीत उतरला नाही. मात्र त्याच क्रियापदापासून आलेल्या ‘न्यूबाइल’ या विशेषणाची गत पाहण्यासारखी आहे: पूर्वी त्याचा अर्थ ‘उपवर’ इतकाच होता, आज ते तरुणीच्या देहाविषयी वापरले जाते आणि म्हणून जपूनच वापरावे.

विशेषण म्हणून ‘नप्शल’ला अजूनही हक्काच्या जागा आहेत. कायद्याच्या भाषेतील ‘प्रीनप्शल’ करार लग्नाआधी करायचा असतो, जरी त्यातील कलमे पुढच्या मालमत्तेविषयी आणि संभाव्य घटस्फोटाविषयी असली तरी. तोच मजकूर लग्नानंतर सह्या करून ठरवला, तर तो ‘पोस्टनप्शल’ होतो. कॅथलिक चर्चमध्ये विवाहविधीसह होणाऱ्या मिस्साला, म्हणजे उपासनाविधीला, ‘नप्शल मास’ म्हणतात. जीवशास्त्राने तर विधी आणि सहजीवन दोन्ही वगळून केवळ मीलनाशी या शब्दाची सांगड घातली आहे. मधमाश्यांच्या ‘नप्शल फ्लाइट’मध्ये राणी आणि नर यांचे मीलन हवेत उडतानाच होते आणि नर त्यानंतर लगेच मरतो, अनेक जातींच्या नर बेडकांच्या अंगठ्यांवर विणीच्या काळात मादीला घट्ट धरता यावे म्हणून जी खरखरीत गादी तयार होते, तिला ‘नप्शल पॅड’ असे नाव आहे.

या जागा सोडल्या, तर इंग्रजी बातम्यांत हा शब्द बहुतेक वेळा केवळ ‘वेडिंग’ची पुनरुक्ती टाळण्यासाठी येतो. माझ्या मते ती पुनरुक्ती परवडली, कारण मागच्या वाक्यातील साध्या लग्नाला पुढच्या वाक्यात असा भरजरी शब्द आला की वाचकाला ते कुठल्या तरी वेगळ्या समारंभाचे वर्णन वाटते. मराठी मजकुरात तर त्याची गरज त्याहूनही कमी आहे.

तरीही तो छापायचाच असेल, तर उच्चार ‘नप्शल’ असाच लिहावा. ‘म्यूच्युअल’च्या धर्तीवर होणारा ‘नप्चुअल’ हा उच्चार अनेक इंग्रजी भाषकांच्याही तोंडी असला, तरी मूळ स्पेलिंगच्या शेवटी ‘पार्शल’ आणि ‘इनिशियल’ या शब्दांतली अक्षरे आहेत, ‘म्यूच्युअल’मधली नव्हेत.

आपला,
एक वाचक