नागपूरच्या दादांना, फॉयच्या त्या रात्रीबद्दल

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं खरं नाव मला आजही माहीत नाही. मी नागपूरचा, एवढंच तुम्ही सांगितलं होतंत, आणि तुमच्या बोलण्यावरून ते न सांगताही कळलं असतं. दिवाळीनंतर तुम्ही खेळायला आला नाहीत, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. ‘हेल लेट लूज’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी ते तुमच्यापर्यंत पोचवेल, अशी आशा आहे.

मी इचलकरंजीची. दिवसभर यंत्रमागांच्या हिशेबात डोकं घातलेलं असतं, रात्री अकरानंतर हेडफोन लावते. त्या रात्री नकाशा फॉयचा होता. बेल्जियममधलं बास्तोनजवळचं ते छोटं गाव, दक्षिणेला जंगल, आणि जंगल ते गाव यांच्यामध्ये बर्फानं झाकलेलं उघडं रान. मी त्या रानातून सहाव्यांदा पळत निघाले होते आणि सहाव्यांदा पडले. तेव्हा तुमचा आवाज आला, “ताई, कायले धावून राहिली तिकडं? थांब ना. आधी नकाशा उघड. आपले लोकं मेल्यावर कुठून उठून राहिले ते पाय.”

मी नकाशा उघडला. आमची पन्नास माणसं मेल्यावर एकाच जागेवरून उठत होती, पार मागच्या मुख्यालयातून. तिथून फॉयपर्यंत यायला कित्येक मिनिटं जायची आणि मरायला दोन सेकंद पुरायची. त्याआधी कित्येक महिने मी हा खेळ खेळत होते, पण तो खरा कळायला लागला त्या क्षणापासून.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन्ही बाजूंना ५०-५० माणसं. ‘वॉरफेअर’ प्रकारात नकाशावर एकामागे एक पाच ठाणी, सुरुवातीला दोन-दोन दोघांची आणि मधलं कुणाचंच नाही. पाचही घेतली की जिंकलात, नाहीतर दीड तासानंतर ज्याच्याकडे जास्त तो जिंकला. पडद्यावर शत्रूचे लाल ठिपके नाहीत, गोळी लागली की नाही याची खूण नाही. खेळ पूर्ण स्वरूपात २०२१ च्या जुलैमध्ये आला. फॉय, कारांतां, हिल ४०० हे त्यातले नकाशे खऱ्या रणभूमींवरून घेतलेले आहेत.

बहुतेक जण ठाण्याच्या वर्तुळाकडे बघतात. तुम्ही मला वर्तुळाकडे येणाऱ्या वाटेकडे बघायला शिकवलंत. ठाणं पडतं किंवा टिकतं ते गॅरिसनवर, म्हणजे सगळ्या टीमला जिथून पुन्हा उठता येतं त्या जागेवर. गॅरिसन उभारायला पन्नास सप्लाय (रसदीचं माप) लागतात, शत्रूच्या हद्दीत शंभर. दोन गॅरिसनमध्ये किमान दोनशे मीटर अंतर हवं, आणि एका बाजूला एका वेळी आठच. हे आकडे मला आधीही तोंडपाठ होते. त्यांचा अर्थ तुम्ही सांगितलात. एक ठाण्याच्या मागे आणि एकेक दोन्ही अंगांना, असा त्रिकोण मांडायचा आणि वर्तुळाच्या आत मुळीच ठेवायचं नाही, कारण तोफा आणि विमानं पहिल्यांदा वर्तुळावरच कोसळतात. शत्रू जवळ आला की गॅरिसन बंद पडते, म्हणून एकीवर भरवसा ठेवायचा नाही. स्क्वॉड लीडरची, म्हणजे सहा जणांच्या तुकडीच्या प्रमुखाची, आउटपोस्ट वेगळी, ती लवकर उठवते पण फक्त आपल्याच स्क्वॉडला.

त्या रात्री हल्ला कसा वळला ते मला क्षणाक्षणानं आठवतं. तुम्ही समोरच्या दोन स्क्वॉडना जागेवरच थांबायला सांगितलंत. “धूर सोडा, आवाज करा, पण रानात पाय टाकू नका.” शत्रूची नजर तिथेच खिळून राहिली. आपण पाच जण जंगलाच्या कडेकडेनं लांबचा वळसा घालून गावाच्या बाजूला गेलो. दोघांकडे सपोर्टची, म्हणजे सप्लायचा खोका वाहून नेणाऱ्याची, भूमिका होती, कारण ती जागा शत्रूची आणि एका खोक्यात पन्नासच. मी लीडर होते. गॅरिसन लावताना माझे हात थरथरत होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. चाळीस सेकंदांनी लाट उठली आणि माझ्या आजूबाजूला बर्फातून एकाएकी बारा-पंधरा माणसं उभी राहिली. फॉय त्यानंतर फार वेळ टिकलं नाही.

खऱ्या फॉयची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. १३ जानेवारी १९४५ ला अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनची ईझी कंपनी ही तुकडी अशाच उघड्या रानातून त्या गावावर गेली होती. हल्ला मधेच थबकला, माणसं उघड्यावर अडकली, आणि रोनाल्ड स्पीअर्स या अधिकाऱ्यानं सूत्रं हाती घेऊन तो पुन्हा चालू केला. उघड्या रानात थांबणं हे मरणच, म्हणून रानात उतरायच्या आधीच थांबून विचार करायचा, हे तुमचं म्हणणं मला तिथे पटलं.

आणि पानिपत! मॅच संपल्यावर आपण लॉबीत अर्धा तास बोलत बसलो होतो. तुम्ही म्हणालात, भाऊसाहेबांची फौज लढली १४ जानेवारी १७६१ ला, पण रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्येच मारले गेले होते आणि रसद तुटून छावणी उपाशी होती. शाळेत पानिपत मी लढाईच्या दिवसापासून शिकले होते. तुम्ही ते रसदीपासून सांगितलंत. आता कोणत्याही सामन्यात मी सपोर्टचा खोका घेतलेल्या माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघते.

हल्ल्यापेक्षा बचाव तुमच्याकडून जास्त शिकले, असं मला वाटतं. बचाव म्हणजे वर्तुळात खिडक्या धरून बसणं, अशी माझी समजूत होती. वर्तुळातल्या माणसाचं वजन जास्त हे खरं, ते रिकामं ठेवून चालत नाही. पण तुम्ही म्हणायचात, लाट एकाच दिशेनं वारंवार येत असली तर त्या दिशेला गॅरिसन आहे, दोघं जा आणि शोधून मोडा. कारांतांला आपण दोघंच गेलो होतो. रेल्वेच्या बांधापलीकडे झुडपांच्या आड ती सापडली. आपण मोडली, आणि पुढच्या मिनिटात ठाण्यावरचा गोळीबार विरळ होत होत थांबला. ती शांतता मी आयुष्यात विसरणार नाही. वीस जण खिडक्या धरून जे करू शकत नव्हते ते दोन माणसांनी चालत जाऊन केलं होतं.

ठाणं हातात आलं की सगळे पुढच्याकडे पळतात, आणि नुकतंच घेतलेलं ठाणं त्या वेळी सर्वांत रिकामं असतं. याबद्दल तुम्ही कडक होतात. “घेतलं ना? मंग आधी इथं गॅरिसन लाव, मंग पुढं.” खरं कारांतां अमेरिकनांनी १२ जून १९४४ ला घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी जर्मनांनी उलटा हल्ला चढवला, हा दाखला तुम्ही इतक्या वेळा दिलात की आमच्या स्क्वॉडमध्ये ‘तेरा जून’ हा शब्दच रूढ झाला. कुणी घाईनं पुढे निघाला की कुणीतरी म्हणतं, तेरा जून! आणि तो मागे फिरतो.

रणगाड्यांबद्दल आपण फार बोललो नाही, मला त्यात गतीही नाही. पण इंजिनियरनं सुरुवातीलाच मुख्यालयाजवळ तिन्ही प्रकारचे नोड, म्हणजे कमांडरसाठी साधनं जमवणारी ठिकाणं, बांधायचे, नाहीतर ऐन वेळी कमांडरच्या हातात काही नसतं, हे मात्र मी प्रत्येक सामन्यात आधी पाहते.

एका गोष्टीबद्दल मला वेगळे आभार मानायचे आहेत. माझा आवाज ऐकल्यावर एका खेळाडूनं जे बोलायला सुरुवात केली होती ते मी इथे लिहिणार नाही. मी माईक बंद केला होता, त्या आठवड्यात खेळ काढून टाकायचंही ठरवलं होतं. तुम्ही त्याच्याशी वाद घातला नाहीत. लीडर्सच्या चॅनलवर एवढंच म्हणालात, “उत्तरेची गॅरिसन या ताईनं लावली, तुम्ही सगळे तिथूनच उठून राहिले. आता ती सांगते ते ऐका.” मग तुम्ही गप्प बसलात आणि बोलायची जागा मला दिलीत. मी माईक चालू केला. माझा आवाज सुरुवातीला फुटत नव्हता, पण माणसं ऐकत होती. ती जागा तुम्ही दिली नसती तर मी आज इथे नसते, दादा.

सामन्याच्या शेवटी जो तक्ता येतो त्यात लढाई, हल्ला, बचाव आणि सपोर्ट यांचे वेगवेगळे गुण असतात. तुमचं नाव लढाईच्या रकान्यात वर कधीच दिसलं नाही. सपोर्टच्या रकान्यात मात्र बहुतेक वेळा पहिलं असायचं. मी तो रकाना आधी बघायला लागले ती तुमच्यामुळे.

गेल्या रविवारी आमच्यात कोल्हापूरचा एक नवा मुलगा आला. पुन्हा फॉयच होतं. तो रानातून तीनदा पळाला आणि तीनदा पडला. चौथ्यांदा निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि नकाशा उघडायला सांगितला. त्यानं विचारलं, “ताई, पॉइंट तर समोर आहे, आपण जंगलात कशाला?” मी त्याला सपोर्ट घ्यायला लावलं आणि खोका घेऊन माझ्या मागे यायला सांगितलं. वाटेत तुमच्याबद्दल सांगितलं. गॅरिसन लागली, लाट उठली, आणि तो हेडफोनमध्ये ओरडला ते मी पुन्हा पुन्हा ऐकावं असं होतं.

दादा, तुमच्या वेळात माझा वाटा नव्हता, तरी तुम्ही तो दिलात. मनापासून आभार. तब्येतीनं, घरच्यांसह सुखरूप असाल अशी प्रार्थना करते. आमच्या स्क्वॉडमधली सहावी जागा शनिवारी रात्री अकराला मोकळी ठेवतो. तुम्ही याल तेव्हा खोका मी घेईन, लीडर तुम्ही व्हा.

तुमची,
इचलकरंजीची ताई