रिव्हेटकडेही लक्ष द्या

संपादक महोदय,

घरी किट विमान, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून जोडायचे छोटे विमान, बांधण्याचा विषय निघाला की चर्चा इंजिन आणि खर्चाभोवतीच फिरते. धातूच्या विमानाची मजबुती मात्र हजारो रिव्हेटांवर, म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या छोट्या खिळ्यांवर, अवलंबून असते, म्हणून त्याविषयी थोडेसे.

रिव्हेटसाठी भोक पाडल्यावर कडेला राहणारी बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, दोन्ही बाजूंनी काढायलाच हवी. ती राहिली तर पत्रे एकमेकांना घट्ट भिडत नाहीत, रिव्हेट मधल्या फटीत फुगतो आणि पुढे कंपनांमुळे तिथूनच तडा जातो. २.४ मिलिमीटर व्यासाचा रिव्हेट ठोकण्यापूर्वी पत्र्याबाहेर साधारण ३.६ मिलिमीटर उरावा; ठोकल्यावर त्या उरलेल्या टोकाचे बनणारे डोके ३.६ मिलिमीटर रुंद आणि १.२ उंच व्हावे. किंचित कमी-जास्त झाले तर लगेच ड्रिल घेऊन काढायला धावू नये. काढताना भोक लांबट झाले तर मूळ दोषापेक्षा मोठे दुखणे मागे लागते.

सुरुवात शेपटीपासूनच करावी. तिथे एखादा पत्रा बिघडला तर नवा मागवणे पंखाच्या मानाने स्वस्त पडते. शेवटचा पत्रा लावून भाग बंद करण्यापूर्वी आतले फोटो तारखेसह नोंदवहीत लावावेत. तपासनीसाला नंतर आतले काम दिसत नाही.

– एक वाचक