लॉजिक प्रोब माझ्याकडेच राहिली, काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

वाडा पाडून तिथे इमारत झाली आणि तुम्ही कुठे राहायला गेलात ते कुणालाच सांगता येईना. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. गेल्या महिन्यात माळा आवरताना 8085 मायक्रोप्रोसेसरचा, मी घरी जोडलेला तो बोर्ड सापडला. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले, हे फार लागलं मनाला.

1985 साल. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजात एका किटभोवती आम्ही सहा-सात जण, कीपॅडला हात लागेपर्यंत तास संपायचा. अमेरिकेतल्या आल्टेअर 8800 या छोट्या संगणकाबद्दल तुम्हीच सांगितलं होतंत. 1975 मध्ये हौशी माणसांनी त्याचं किट मागवून घरी जोडलं. मेमरी 256 बाइट, प्रोग्राम भरायचा तो समोरचे स्विच खालीवर करून. त्यातल्या 8080 प्रोसेसरला तीन वेगळे व्होल्टेज लागायचे, 8085 ला नुसते पाच व्होल्ट पुरतात, मग घरी का नाही जमणार, असं म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून मी पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत सुटे भाग शोधत फिरू लागलो.

ओपकोडसाठी, म्हणजे प्रोसेसरला द्यायच्या आज्ञांच्या आकड्यांसाठी, वहीत रकाने तुम्ही आखून दिलेत. जंपचा, म्हणजे मेमरीत दुसरीकडे उडी मारायच्या आज्ञेचा, पत्ता लिहिताना खालचा बाइट आधी, वरचा नंतर, हे तर तुम्ही माझ्याकडून इतक्यांदा गिरवून घेतलंत की आजही हात आपोआप तसाच चालतो.

बोर्ड जोडून झाला, पण चालेना. प्रोग्राम अगदी साधा होता: 8255 या बाहेरच्या जोडण्यांच्या चिपेच्या पोर्टवरचे आठ एलईडी ओळीने लावत जायचे. ते वाटेल तसे लागायचे, नाहीतर लागायचेच नाहीत. पंधरा दिवस मी तेच तेच सांधे पुन्हा सोल्डर करत बसलो, दोन ट्रॅक उखडले. शेवटी रडवेला होऊन तुमच्या दारात उभा राहिलो.

तुम्ही सोल्डरिंग आयर्नला हात लावला नाहीत. "आधी प्रोसेसर जिवंत आहे का ते बघू," एवढंच म्हणालात. मेमरीच्या सगळ्या चिपा आणि लॅच (पत्ता धरून ठेवणारी चिप) सॉकेटमधून काढायला लावलंत, डेटाच्या आठही तारा एकेका रेझिस्टरने ग्राउंडला जोडायला सांगितल्यात. आता प्रोसेसर कुठूनही वाचेल तर 00 च वाचणार, आणि 00 म्हणजे नॉप, काही न करता पुढच्या पत्त्यावर जा. 6.144 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आत त्याचे होतात निम्मे, एका नॉपला चार क्लॉक. म्हणजे 65,536 पत्त्यांची एक फेरी सेकंदाच्या साधारण बाराव्या भागात पुरी. तुमची लॉजिक प्रोब, म्हणजे पिनवरचा सिग्नल दिव्याने दाखवणारं साधन, पत्त्याच्या सर्वांत वरच्या पिनवर, ए-15 वर टेकवली आणि तिचा दिवा फडफडायला लागला. पत्ते पुढे सरकत होते, म्हणजे प्रोसेसर जिवंत होता. काका, त्या फडफडीने मला जो धीर दिला, तो मी अजून विसरलेलो नाही.

"मग बिघडलंय काय?" तुम्ही विचारलंत आणि गप्प बसलात. किती वेळ ते आठवत नाही, पण उत्तर तुम्ही सांगितलं नाहीत. पत्त्याचे वरचे आठ बिट प्रोसेसर थेट देतो. खालचे आठ डेटाच्याच तारांवरून येतात, ते लॅचने धरून ठेवायचे. म्हणजे लॅच! तुम्ही भिंग पुढे केलंत. चिपेवर छापलेलं होतं 74एलएस374. मला हवा होता 373.

पिना दोघांच्या सारख्याच. एएलई ही पत्ता कधी पकडायचा ते लॅचला सांगणारी प्रोसेसरची तार. पण 373 एएलई वर असेपर्यंत पत्ता आरपार जाऊ देतो आणि एएलई खाली येताना तो पकडतो. 374 एएलई वर चढतानाच पकडतो, तेव्हा पत्ता अजून स्थिर झालेला नसतो. दुकानातून चुकून दुसरी चिप आली आणि मीही न वाचता बसवली. चूक दिसल्यावरही तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी 373 बसवला आणि आठही एलईडी ओळीने धावले.

पुढे तीस वर्षं मी बोर्ड दुरुस्तीतच काढली. बंद बोर्ड समोर आला की आधी काय काय ठीक आहे ते तपासतो, आयर्न नंतर तापवतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांनाही तसंच बसवून ठेवलं, उत्तर न सांगता. हे सगळं तुमचं आहे, काका.

माळ्यावरच्या बोर्डाला परवा पाच व्होल्ट दिले. प्रोग्राम साठवणाऱ्या ईप्रॉम चिपेच्या काचेवर तुम्ही चिकटवलेली काळी पट्टी तशीच आहे. एलईडी धावले.

तुमची लॉजिक प्रोब मात्र माझ्याकडेच राहिली. हे वाचणाऱ्या कुणाला काका ओळखू आले, तर त्यांना एवढं कळवा की प्रोब चालू आहे आणि ती द्यायला मला स्वतः यायचंय.

तुमचा,
वाड्यातला पोरगा